ऊर्जेच्या व्यापाराने शांतता येते का? तापी, सुई, आचे आणि राखाइन

दिगंतर (प्रश्न)

तुर्कमेनिस्तान, अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि भारत यांना जोडणाऱ्या 'तापी' पाइपलाइनचे अफगाणिस्तानातील काम सप्टेंबर २०२४ मध्ये समारंभपूर्वक सुरू झाले. तेव्हापासून एक जुना युक्तिवाद पुन्हा वाचायला मिळतो आहे. शेजारी देश एकमेकांच्या इंधनावर अवलंबून राहू लागले, की त्यांना भांडण परवडत नाही, असा हा युक्तिवाद आहे. इराण-पाकिस्तान-भारत पाइपलाइनला तर एके काळी 'शांततेची पाइपलाइन' असेच म्हटले जात असे. भारत त्या प्रकल्पातून बाहेर पडला आणि पाकिस्तानच्या हद्दीतील काम रखडले ते रखडलेच.

तापीची कागदावरची आकडेवारी मोठी आहे. तुर्कमेनिस्तानातील गल्किनिश वायुक्षेत्रातून निघून सुमारे १८०० किलोमीटर अंतर कापून भारतीय पंजाबातील फाजिल्कापर्यंत यायचे आणि वर्षाला ३३ अब्ज घनमीटर वायू वाहून न्यायचा, अशी ही योजना आहे. आंतरसरकारी करार २०१० मध्ये झाला, पायाभरणी डिसेंबर २०१५ मध्ये झाली, फेब्रुवारी २०१८ मध्ये अफगाण सीमेवर आणखी एक सोहळा झाला, तरी भारतात या पाइपलाइनमधून अजून वायू आलेला नाही.

मला दोन गोष्टी जाणकारांकडून समजून घ्यायच्या आहेत. ऊर्जेच्या व्यापाराने शांतता येते, की शांतता आधी असावी लागते? आणि ज्या भूमीतून वायू किंवा तेल निघते तीच भूमी अनेकदा सर्वांत अशांत असते, त्यामागे केवळ उत्पन्नाच्या वाट्याचा वाद असतो की आणखी काही? हा वाद खरोखर मिटल्याचे आशियातले एखादे उदाहरण असल्यास त्याविषयी सविस्तर वाचायला आवडेल.

अक्षांश

आपल्या दुसऱ्या प्रश्नातच पहिल्याचे उत्तर दडलेले आहे, असे मला वाटते. पाइपलाइनचे करार राजधान्यांमध्ये होतात आणि पाइप मात्र राजधानीपासून शेकडो किलोमीटर दूर, ज्यांना कोणी विचारलेले नसते अशा लोकांच्या जमिनीतून जातो. दोन सरकारांमधली शांतता आणि सरकार व त्या लोकांमधली शांतता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली साधली म्हणून दुसरी आपोआप साधत नाही.

वाद मिटल्याचे उदाहरण म्हणजे इंडोनेशियातील आचे. सुमात्राच्या उत्तर टोकावरच्या या प्रांतात १९७१ मध्ये अरुण येथे नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा सापडला आणि त्या दशकाच्या अखेरीस द्रवरूप वायूची जहाजे जपानकडे जाऊ लागली. निर्यातीचा पैसा जकार्तामध्ये जमा होत होता. कारखान्याच्या कुंपणाबाहेरच्या गावांच्या वाट्याला गेलेली जमीन आणि वाढता लष्करी बंदोबस्त आला. ४ डिसेंबर १९७६ रोजी हसन दि तिरो यांनी आचेच्या स्वातंत्र्याची घोषणा केली आणि 'गाम' या नावाने ओळखली जाणारी स्वतंत्र आचे चळवळ सुरू झाली. वायूचा प्रकल्प हे त्या चळवळीच्या रागाचे दृश्य ठिकाण होते. २००१ मध्ये हल्ल्यांमुळे एक्सॉनमोबिलला तिथले उत्पादन काही महिने थांबवावे लागले.

आता पुढची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. त्याच २००१ साली इंडोनेशियाच्या संसदेने आचेसाठी विशेष स्वायत्ततेचा कायदा केला आणि तेल व वायूच्या उत्पन्नाचा ७० टक्के वाटा प्रांताला देऊ केला. मागणी केवळ पैशाची असती, तर संघर्ष तिथेच थांबायला हवा होता. तो थांबला नाही. उलट मे २००३ मध्ये जकार्ताने आचेमध्ये लष्करी आणीबाणी लादली आणि चळवळीविरुद्ध फार मोठी मोहीम उघडली.

फिनलंडचे माजी राष्ट्राध्यक्ष मार्टी अह्तिसारी यांच्या मध्यस्थीने १५ ऑगस्ट २००५ रोजी हेलसिंकी येथे जो सामंजस्य करार झाला, त्यातही वाटा ७० टक्केच आहे. म्हणजे चार वर्षांपूर्वी जो आकडा युद्ध थांबवू शकला नव्हता, तोच आकडा या करारात आहे. मग नवे काय होते? नवे होते ते राजकीय कलम. इंडोनेशियाच्या तेव्हाच्या कायद्यानुसार कोणत्याही राजकीय पक्षाच्या शाखा देशातील किमान निम्म्या प्रांतांत असणे आवश्यक होते, त्यामुळे फक्त आचेचा असा पक्ष काढणे अशक्यच होते. वाटाघाटींत हा मुद्दा शेवटपर्यंत अडून राहिला होता. अखेर जास्तीत जास्त १८ महिन्यांत स्थानिक पक्षांसाठी कायदेशीर मार्ग मोकळा करून देण्याचे जकार्ताने मान्य केले आणि स्वतंत्र राष्ट्राची मागणी 'गाम'ने सोडली.

कराराची अंमलबजावणीही मोजूनमापून झाली. 'गाम'ने ८४० शस्त्रे जमा करायची, आपल्या ३००० लढवय्यांना सेवामुक्त करायचे, सरकारने बाहेरचे सैन्य आणि पोलीस काढून घेऊन १४,७०० सैनिक आणि ९,१०० पोलीस इतकेच मागे ठेवायचे, आणि दोन्ही गोष्टी टप्प्याटप्प्याने, एकमेकींबरोबर करायच्या, असे ठरले होते. देखरेखीला युरोपीय संघ आणि आसियानमधील पाच देशांचे निरीक्षक होते. डिसेंबर २००५ अखेर हे काम पुरेही झाले. पुढच्याच डिसेंबरात गव्हर्नरपदाची थेट निवडणूक झाली आणि 'गाम'चे माजी नेते इरवांदी युसूफ अपक्ष म्हणून निवडून आले. दोन वर्षांपूर्वी त्सुनामी आली तेव्हा ते बांदा आचेच्या तुरुंगात कैदी होते. २००९ मध्ये 'आचे पक्षा'ने प्रांतिक विधिमंडळातील ६९ पैकी ३३ जागा जिंकल्या.

तटस्थ

अक्षांश यांची मांडणी मला पटते, पण तिला दोन पुरवण्या जोडल्या पाहिजेत.

पहिली त्सुनामीची. २६ डिसेंबर २००४ च्या लाटेत आचेमध्ये दीड लाखाहून अधिक माणसे गेली. त्यानंतर दोन्ही बाजूंना लढाई चालू ठेवणे अवघड होते आणि मदतीच्या निमित्ताने परदेशी लोक तिथे आलेलेच होते. मात्र त्याच लाटेने श्रीलंकेलाही तडाखा दिला होता आणि तिथे मदतवाटपाच्या संयुक्त व्यवस्थेवरूनच वाद पेटला, पुढे युद्ध नव्याने भडकले आणि २००९ मध्ये त्याचा लष्करी शेवट झाला. त्यामुळे त्सुनामीने दार उघडले, हे खरे असले तरी त्या दारातून आत जाण्याचा निर्णय जकार्ता आणि 'गाम' यांचा होता.

दुसरी पुरवणी अधिक अडचणीची आहे. करार झाला तेव्हा अरुणमधला वायू संपत आला होता. अखेरचे निर्यात जहाज ऑक्टोबर २०१४ मध्ये गेले आणि त्यानंतर तोच प्रकल्प बाहेरून आलेला द्रवरूप वायू उतरवून घेण्यासाठी बदलण्यात आला. ज्या ७० टक्क्यांसाठी एवढे रक्त सांडले, ते आटत चाललेल्या साठ्याचे होते. केंद्राकडून विशेष स्वायत्ततेचा निधी आला, तरी सुमात्रातील सर्वाधिक गरिबी असलेल्या प्रांतांत आचेची गणना होत राहिली. साठा भरलेला असताना जकार्ता इतके उदार झाले असते का, हे कोणी सांगू शकणार नाही. तरीही निर्यात बंद पडूनही युद्ध परतले नाही, हे मला शांततेच्या टिकाऊपणाचे फार मोठे प्रमाण वाटते.

मेघमाला

दिगंतर यांनी तापीचा उल्लेख केला आहे, म्हणून बलुचिस्तानविषयी थोडे विस्ताराने लिहिते, कारण तापी आणि इराणची पाइपलाइन अशा दोन्ही योजनांचे मार्ग या प्रांतातून जातात.

डेरा बुगटी भागातील सुई येथे १९५२ मध्ये वायू सापडला आणि १९५५ मध्ये तो कराचीला पोहोचला. बलुचिस्तानची राजधानी असलेल्या क्वेट्टाला तो मिळायला १९८० चे दशक उजाडले. सुईचा वायू पंजाबच्या कारखान्यांत आणि कराचीच्या स्वयंपाकघरांत जळत असताना वायुक्षेत्राच्या आसपासच्या वस्त्यांमध्ये बायका लाकूडफाटा गोळा करून चूल पेटवत होत्या. हे चित्र बलोच राजकारणात इतके खोल रुजले आहे की, तिथली कोणतीही चर्चा सुईपासून सुरू होते. पाकिस्तानच्या राज्यघटनेचे १५८ वे कलम सांगते की, ज्या प्रांतात विहीर आहे त्या प्रांताच्या गरजेला अग्रक्रम असेल. कलम १९७३ पासून आहे, पाइप मात्र तिकडे वळला नाही.

आचेशी तुलना करताना २०१० हे वर्ष पाहावे. सातव्या वित्त आयोगाच्या निवाड्याने प्रांतांच्या वाट्यात बलुचिस्तानचा हिस्सा नऊ टक्क्यांच्या थोडा वर नेला, जो लोकसंख्येच्या मानाने बराच अधिक होता. त्याच वर्षी अठराव्या घटनादुरुस्तीने तेल व वायूची मालकी केंद्र आणि प्रांत यांची समसमान केली. कागदावर ही फार मोठी पावले होती आणि ती उचलणाऱ्यांचे श्रेय नाकारू नये. पण बंडखोरी ओसरली नाही. बेपत्ता केलेल्या माणसांचा प्रश्न तसाच राहिला आणि निवडणुकांवरचा विश्वास उडत गेला. मार्च २०२५ मध्ये बलोच हक्कांसाठी आंदोलन करणाऱ्या बलोच यकजहती कमिटीच्या नेत्या महरंग बलोच यांना क्वेट्टात अटक झाली, म्हणजे हातात शस्त्र न घेता बोलणाऱ्यांनाही जागा उरली नाही.

याबाबत नवाब अकबर बुगटी यांचे आयुष्य मला बोलके वाटते. ते प्रांताचे गव्हर्नर होते, मुख्यमंत्री होते, म्हणजे व्यवस्थेच्या आतले होते. त्यांच्या हुकमतीखालच्या बुगटी टोळीच्या राज्यात सर्वसामान्यांचा आवाज किती होता, हा प्रश्नही विचारायलाच हवा. पण व्यवस्थेत इतका मुरलेला माणूस उतारवयात डोंगरात गेला आणि २६ ऑगस्ट २००६ रोजी लष्करी कारवाईत मारला गेला, तेव्हा बोलून काही मिळते यावरचा एका पिढीचा विश्वास संपला.

ग्वादरकडे पाहिले तर आणखी एक पैलू दिसतो. चीनच्या गुंतवणुकीमुळे जगाच्या नकाशावर आलेल्या या बंदराला आणि मकरान किनाऱ्याला दीर्घकाळ इराणमधून वीज आणावी लागली आहे. मे २०२३ मध्ये पोलान-गब्द या नव्या वाहिनीचे उद्घाटन दोन्ही देशांच्या नेत्यांनी सीमेवर केले. हा ऊर्जेचा व्यापार चालू आहे आणि लोकांना तो हवा आहे. २०२१ मध्ये ग्वादरमधील आंदोलकांच्या मागण्या होत्या त्या मासेमारी ट्रॉलर थांबवा, तपासणी नाके कमी करा, इराणशी होणारा सीमाव्यापार खुला ठेवा, अशा. बंदर नको, असे त्यांचे म्हणणे नव्हते. आपल्याच गावात शिरताना ओळखपत्र दाखवावे लागू नये, असे होते. त्या आंदोलनाचे नेते मौलाना हिदायतुर रहमान २०२४ मध्ये प्रांतिक विधानसभेवर निवडून गेले, ही त्यातली आशादायक बाब आहे.

दिगंतर

सर्वांचे मनापासून आभार. आचेमध्ये २००१ आणि २००५ चा वाटा सारखाच होता, ही माहिती माझ्यासाठी पूर्णपणे नवी आहे. आणखी एक विचारतो. अशा अशांत प्रदेशात भारताचा पैसा गुंतलेला असेल, तर आपण नागरिक म्हणून आपल्या सरकारकडून कोणती अपेक्षा करावी?

अक्षांश

असा पैसा गुंतलेला आहे. म्यानमारच्या राखाइन किनाऱ्यालगतच्या श्वे वायुक्षेत्रात ओएनजीसी विदेशचा १७ टक्के आणि गेलचा साडेआठ टक्के हिस्सा आहे. तो वायू बांगलादेशमार्गे भारतात आणण्याची बोलणी २००५ मध्ये झाली होती. बांगलादेशाची अट होती की, नेपाळ आणि भूतानची वीज आपल्याकडे आणण्यासाठी भारताने वाट द्यावी. बोलणी फिसकटली आणि वायू २०१३ पासून क्याउकफ्यूहून चीनच्या युनानकडे जाऊ लागला. तीच वाट भारताने अखेर दिली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये नेपाळची ४० मेगावॅट वीज भारतीय तारांमधून बांगलादेशात पोहोचली. जवळपास वीस वर्षे यात गेली, याची मला खंत वाटते.

राखाइनमध्ये लोकांना राजकीय व्यवस्थेत सामावून घेण्याचा प्रश्न दुहेरी आहे. रोहिंग्यांना १९८२ च्या कायद्याने नागरिकत्वातून जवळजवळ वगळले, २०१५ मध्ये मतदानातून वगळले आणि २०१७ मध्ये सात लाखांहून अधिक लोकांना देशाबाहेर पळावे लागले. दुसरीकडे राखाइन बौद्धांच्या पक्षाने २०१५ मध्ये प्रांतिक विधिमंडळात सर्वाधिक जागा जिंकूनही मुख्यमंत्री केंद्रातील सत्ताधारी पक्षाचा नेमला गेला, आणि २०२० मध्ये प्रांतातील १७ पैकी ९ टाउनशिपमधले मतदानच रद्द झाले. मतपेटीतून काही हाती लागत नाही, असे तरुणांना वाटले तर त्याचे नवल नाही. नोव्हेंबर २०२३ पासून राखाइन बौद्धांच्या अराकान आर्मी या सशस्त्र संघटनेने प्रांताचा बहुतांश भाग घेतला, मात्र सित्वे आणि क्याउकफ्यू ही बंदरे लष्कराने धरून ठेवली. पाइपलाइन जिथून सुरू होते ते ठिकाण एकाच्या हाती आणि भोवतालचा प्रदेश दुसऱ्याच्या, अशी ही स्थिती आहे.

तेव्हा माझी अपेक्षा अशी आहे. या हिश्शातून येणारा म्यानमारच्या सरकारी तेल कंपनीबरोबरचा व्यवहार संसदेपुढे तपशीलवार मांडला जावा, कारण युरोपीय संघाने त्या कंपनीवर फेब्रुवारी २०२२ मध्ये निर्बंध घातले आहेत आणि आपल्याकडे त्यावर पुरेशी चर्चाच झाली नाही. शिवाय राखाइनमध्ये ज्यांची प्रत्यक्ष सत्ता आहे त्यांच्याशी बोलताना केवळ भारताच्या कलादान वाहतूक प्रकल्पातील रस्ता आणि बंदर यांच्या सुरक्षेचा विषय न ठेवता रोहिंग्यांच्या परतीचा आणि हक्कांचा विषय त्याच बैठकीत काढावा. अराकान आर्मीवरही रोहिंग्यांवरील अत्याचाराचे गंभीर आरोप आहेत. एका वगळलेल्या गटाला सत्ता मिळाली म्हणून दुसऱ्या गटाला वगळण्याचा परवाना त्याला मिळत नाही, हे भारताने आताच, त्यांना आपली गरज असताना, स्पष्ट शब्दांत सांगायला हवे.