बडोद्यात मराठी पुस्तक आधी कानाला द्यावं की डोळ्यांना?

सूरसागरकाठी

'श्यामची आई' आणि 'मृत्युंजय' लागोपाठ ऐकून झाल्यावर एक मत पक्कं झालं, ते इथे टाकते. झोडा.

बडोद्यातल्या मराठी घरांतली आजची मुलं मराठी बोलतात, पण वाचतात गुजराती नाहीतर इंग्रजी. देवनागरी त्यांना हिंदीच्या तासामुळे येते, म्हणजे अक्षरओळख आहे, वेग नाही. अशा बारा वर्षांच्या मुलाच्या हातात तीनशे पानांची मराठी कादंबरी दिली की ते विसाव्या पानावर पुस्तक पालथं घालतं. म्हणून पहिली दहा-बारा पुस्तकं ऐकवावीत. वाचन नंतर.

दुसरं कारण उच्चाराचं. आपल्या लिपीत च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार एकाच अक्षरात कोंबलेले आहेत. 'चार' आणि 'चारा' यांतला च वेगळा, हे छापील पानावरून कोणाला कळणार? 'जग काहीही म्हणो, तू जग' हे वाक्य गुजराती वळणाच्या मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या. दोन्ही 'जग' सारखेच येतील. ज्ञ तर विचारूच नका: शाळेत गुजरातीच्या तासाला 'ग्नान', हिंदीच्या तासाला 'ग्यान', आणि घरी आजी 'द्न्यान' म्हणते. हे कान तयार झाल्याशिवाय सुटत नाही.

पिवळी पानं

पूर्ण असहमत.

ऐकून ऐकण्याची सवय लागते, वाचण्याची नाही. साधा हिशेब करा. मोठ्याने वाचण्याचा वेग मिनिटाला साधारण १२५ शब्द धरला तर २५० शब्दांचं पान दोन मिनिटांत होतं, ३०० पानांचं पुस्तक दहा तासांत. सव्वापट वेगाने आठ तास, दीडपटीने पावणेसात. पोहऱ्याने ओतावं तसं सगळं आयतं कानात पडतं. मग तेच मूल मिनिटाला तीस-चाळीस शब्दांच्या वेगाने अडखळत वाचायला का बसेल? त्याला गोष्ट मिळाली, संपलं.

शिवाय दीडपट वेगाबद्दल कोणी बोलत नाही. मराठीत अर्थ शब्दाच्या शेपटीला असतो: त्याने, त्याला, त्याचा, त्यात. वेग वाढवला की आधी शेपटी गिळली जाते. कोणी कोणाला मारलं हेच कळेनासं होतं. गप्पिष्ट गद्याला सव्वापट चालते, जुन्या गद्याला तीही नको.

कानसेन

पावणेसात नव्हे, सहा तास चाळीस मिनिटं. हिशेब काढलाच आहे तर पुरा काढा. :)

बाकी शेपटीचा मुद्दा मान्य. पण त्यावर उपाय आहे. मुलांना ०.९ वेगाने ऐकवा. ०.७५ वर जाऊ नका, तिथे आवाज ताणल्यासारखा होतो आणि मुलं हसत सुटतात.

आता 'मृत्युंजय'. तिथे कानाची खरी फजिती होते. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, श्रीकृष्ण, सहाही जण 'मी' म्हणूनच बोलतात. छापील पुस्तकात प्रकरणाच्या माथ्यावर नाव असतं, मागे उलटलं की दिसतं. ऐकताना मधूनच सुरुवात केली आणि वाचणारा एकच असला की हा 'मी' कोण हे समजायला पाच मिनिटं जातात. म्हणून थांबायचं ते प्रकरण संपल्यावरच. झोपेचा टायमर पंधरा मिनिटांवर न ठेवता 'प्रकरणाच्या शेवटी' वर ठेवा, बहुतेक ॲपमध्ये ती सोय असते. आणि ऐकवण्याआधी सहा नावं एका चिठ्ठीवर लिहून समोर ठेवा.

मांडवीचं दार

माझा आक्षेप निराळा आहे. आपल्या गावाने पुस्तक कसं शोधायचं हे साऱ्या देशाला दाखवलं आणि आपणच शोधपेटीत नाव टाइप करत बसलोय.

सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेतून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना आणून मांडवीत सेंट्रल लायब्ररी उभी केली. लोखंडी कपाटं, आणि वरचा उजेड खालपर्यंत झिरपावा म्हणून मजल्यांना काचेच्या लाद्या. पण खरी गोष्ट मुक्तद्वार पद्धत: वाचकाने स्वतः कपाटाशी जायचं. एक पुस्तक घ्यायला गेलेला माणूस शेजारची दोन घेऊन येतो, कारण ती विषयवारीने शेजारी लावलेली असतात. ॲपमध्ये शेजार नसतो. तिथे कालच्यासारखंच आजही दाखवतात. रहस्यकथा एकदा ऐकली की महिनाभर खूनच खून.

सूरसागरकाठी

मांडवीकाका, त्याच ग्रंथालय खात्याचा दुसरा निम्मा भाग तुम्ही सोयीने गाळलात. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी खात्याची वेगळी शाखा होती, ती मॅजिक लँटर्न (पडद्यावर चित्रं पाडणारा दिवा) आणि सिनेमा घेऊन गावोगाव जायची. पुस्तकांच्या फिरत्या पेट्या होत्या त्या वाचणाऱ्यांसाठी, आणि हे न वाचणाऱ्यांसाठी. म्हणजे आधी डोळ्या-कानाला गोडी लावा, हा विचार याच गावात शंभर वर्षांपूर्वी झाला होता.

मांडवीचं दार

ती प्रौढ, निरक्षर माणसांसाठी सोय होती. तुम्ही ती साक्षर मुलांना लावताय. फरक आहे.

इंदुरी शेव

बाहेरून नाक खुपसतो. बडोदेकरांचं एका बाबतीत बरं आहे, गुजरातीत ळ आहे. आमच्या इंदूरच्या मुलांची गाडी तिथेच अडते. 'बाळ' चा 'बाल', 'काळा' चा 'काला', 'फळ' चा 'फल'. हिंदी माध्यमामुळे देवनागरी सरसर वाचतात, पण वाचतात हिंदीच्या चालीने. 'पैसा' मधला ऐ मराठीत 'अइ' सारखा उघडतो, हिंदीत तो सपाट होतो. औ चंही तसंच. म्हणजे तुमच्याकडे वेग नाही, आमच्याकडे वेग आहे आणि चाल चुकीची. आमच्यासाठी ऐकणं औषध आहे यात मला शंका नाही. तुमच्यासाठी ते कुबडी होईल का, ते तुम्ही ठरवा.

आणि तुमची शेव आमच्यापेक्षा गोड असते, ते वेगळं.

पिवळी पानं

इंदुरीभाऊंनी नेमकं दाखवलं. आमच्या मुलांची अडचण डोळ्यांची आहे आणि ती डोळ्यांनीच सुटणार. गुजराती लिपीला शिरोरेघ नाही. ग, न, म, र, व जवळपास तसेच दिसतात म्हणून मूल ओळीत पुढे सरकतं, आणि क, ख, च, ज, झ, फ, ब आले की थबकतं. सात-आठ अक्षरांचा मामला आहे. रोज वीस मिनिटं मोठ्याने, मोठ्या टाइपातलं, जोडाक्षरं कमी असलेलं वाचन, बस. त्यात शिकवणाऱ्याने एकच करायचं: चूक झाली की लगेच टोकायचं नाही, वाक्य संपू द्यायचं. दर शब्दाला अडवलं की मूल अक्षरं वाचतं, वाक्य वाचत नाही.

कानसेन

मग दोन्ही एकत्र का नको? पद्धत अशी:

दहा ते बारा मिनिटांचा तुकडा घ्या, जास्त नको. पहिल्यांदा नुसता ऐकवायचा, पुस्तक मिटलेलं. दुसऱ्यांदा तोच तुकडा पुस्तक उघडून, ओळीखाली बोट किंवा पोस्टकार्ड सरकवत. पोस्टकार्ड बरं, ते खालच्या ओळी झाकतं. तिसऱ्यांदा आवाज बंद, आणि त्यातलं फक्त अर्धं पान मुलाने मोठ्याने वाचायचं. एकूण पंचवीस-तीस मिनिटं.

बिघडतं कुठे, तर दुसऱ्या फेरीत. नजर मागे पडते, मग मूल पुस्तक सोडून नुसतं ऐकायला लागतं. ते झालं की तुकडा संपेपर्यंत थांबू नका. पाच-सात मिनिटांचाच तुकडा करा आणि ०.८५ वर आणा.

'श्यामची आई' यासाठी घडवल्यासारखं आहे. बेचाळीस रात्री, दर रात्री एक गोष्ट, आणि मुळात ती कोणाला तरी सांगितलेली. बहुतेक रात्री एका बैठकीत संपतात.

ओलेती शाई

पद्धत चांगली, पण ध्वनी आणि छपाई एकाच पाठाची आहे का हे कोणी आधी तपासत नाही, आणि सगळी योजना तिथेच कोसळते.

एक: संक्षिप्त आवृत्ती. ऑडिओच्या माहितीत 'संपूर्ण' लिहिलंय का पाहा. नसेल तर पहिलं, मधलं आणि शेवटचं प्रकरण लावून दोन-दोन परिच्छेद ताडून घ्या.

दोन: जुनं शुद्धलेखन. साहित्य महामंडळाचे नियम १९६२ चे, त्यात १९७२ ला भर पडली. त्याआधीच्या प्रतींत 'घरांत', 'नाहीं', 'मीं' असे अनुस्वार असतात. जुन्या संग्रहांत त्याच प्रती जास्त. कानावर 'घरात' पडतं आणि डोळ्यांना 'घरांत' दिसतं. मोठा माणूस नजरेआड करतो. मूल तो अनुस्वार उच्चारतं, नाहीतर आपलंच चुकलं म्हणून गप्प बसतं. शिकवायला १९७२ नंतरची छपाईच घ्या.

तीन: एकाच नावाखाली दोन पाठ. गोडसे भटजींचं 'माझा प्रवास' घ्या. १९०७ ला चिंतामण विनायक वैद्यांनी छापलं ते त्यांनी हात फिरवलेलं. मूळ हस्तलिखितावरचं दत्तो वामन पोतदारांनी नंतर काढलं. भाषा वेगळी पडते. ऐकायला एक आणि हातात दुसरं असेल तर दोन्ही वाया.

ते पुस्तक मुळात ऐकण्याचं आहे का, यावरही माझी शंका आहे. कोकणातल्या वरसईहून निघालेला भटजी अठराशे सत्तावनच्या धामधुमीत सापडतो, ग्वाल्हेर, झाशी... गावांमागून गावं येतात. नकाशा उघडा नसेल तर पंधरा मिनिटांत दिशा हरवते. झाशीच्या वेढ्याचा भाग मात्र ऐकावा, तिथे माणूस जागचा हलत नाही.

खडीसाखर

माझी झटपट यादी, रागावू नका.

ऐकाच: 'स्मृतिचित्रे'. लक्ष्मीबाई टिळक बोलताहेत असंच वाटतं, त्यांच्या वाक्याला स्वतःचा श्वास आहे. वाचणारीने नाटकी केलं नाही म्हणजे मिळवली.

वाचाच: 'युगान्त', महाभारतावरचं. ऐकताना कोण कोणाचा कोण ते चारदा मागे जाऊन पाहावं लागतं. इरावतीबाई कर्वे मुद्दा रचत नेतात, आधीचा दगड निसटला की वरचा कळत नाही.

वाद घाला: 'कोसला'. नायक पांडुरंगाचं बोलणं कानाला लागतं हे खरं, पण रोजनिशीचा भाग आला की पानावरची ती तुटक मांडणीच अर्धा अर्थ सांगते. आवाजात ती सपाट होते.

कानसेन

सपाट होते ती वाचणाऱ्यामुळे. दोन नोंदींमध्ये दोन सेकंद थांबला तर होणार नाही.

खडीसाखर

दोन सेकंद थांबला तर लोक फोन हलवून बघतील, बंद पडला की काय म्हणून.

सूरसागरकाठी

वेगळा प्रश्न: आपणच रेकॉर्ड केलं तर? बडोद्याच्या मराठीतला आवाज मुलांना जवळचा वाटेल.

ओलेती शाई

हक्काचं आधी. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतो. साने गुरुजी १९५० ला गेले, म्हणजे २०११ च्या जानेवारीपासून त्यांचं लेखन मोकळं आहे. पण नव्या आवृत्तीतली प्रस्तावना, टिपा, चित्रं दुसऱ्याची असतील तर ती वाचू नका, छापू नका. खांडेकर, माडगूळकर वगैरेंना परवानगीशिवाय हात लावायचा नाही. दृष्टिहीन किंवा छापील वाचू न शकणाऱ्या व्यक्तींसाठी २०१२ च्या दुरुस्तीने सवलत दिली आहे, ती आपल्या मुलांना लागू होत नाही. आळस हे अपंगत्व नव्हे.

कानसेन

तांत्रिक बाजू. स्टुडिओ नको. कपड्यांचं कपाट उघडून त्यासमोर बसा, पाठीमागे गोधडी टांगा. फोन तोंडापासून वीतभर, पण समोर न धरता थोडा कडेला, नाहीतर प, फ, भ ला फटका बसतो. पंखा बंद. म्हणून मे महिन्यात हे काम काढू नका. फोन विमान मोडवर. कुकरच्या वेळा टाळा.

पानं उलटताना खरखर येते, त्यामुळे पान संपलं की थांबा, उलटा, एक श्वास घ्या, मग वाचा. तो तुकडा नंतर कापता येतो. चुकलात तर एक टाळी वाजवा आणि वाक्य पहिल्यापासून. आवाजाच्या आलेखात टाळीचा सुळका लगेच सापडतो. एका बैठकीत अर्ध्या तासावर वाचू नका, आवाज खाली बसतो आणि दुसऱ्या दिवशीच्या तुकड्याशी जुळत नाही. मोनो, ६४ केबीपीएस पुरे. तासाला २९ एमबीच्या आसपास होतं, व्हॉट्सॲपवर दहा मिनिटांचा तुकडा पाच एमबीत जातो.

पिवळी पानं

एवढी खटपट करणाराच माणूस मुलाशेजारी बसून वाचू शकतो, हे कोणाच्या लक्षात येतंय का? गोधडी तेवढी वाचेल.

सूरसागरकाठी

रोज शेजारी बसणं जमत असतं तर धागाच काढला नसता. मुंबईच्या गाडीने सुरतला जाऊन येणारे आई-बाप रात्री नऊला घरी येतात. दिवसाचे सुमारे २६० किलोमीटर. त्यांच्याकडे रविवार आहे, वीस मिनिटं रोज नाहीत.

पिवळी पानं

मग रविवारी कानसेनांची तिसरी फेरी घ्या, अर्धं पान मोठ्याने. बाकी सहा दिवस ऐकवा. पण माझी एक अट: ज्या रात्री ऐकवल्या त्याच्या पुढची गोष्ट मात्र फक्त छापील. म्हणजे 'श्यामची आई'तल्या पाच रात्री कानाने, सहावी डोळ्याने. उत्सुकता असेल तर थबकत का होईना वाचेल. नाही वाचली तर माझं म्हणणं खरं.

सूरसागरकाठी

मान्य. आणि वाचली तर?

पिवळी पानं

तर शेव इंदूरहून मागवू.