कारखान्याचं वाफेचं इंजिन: चालवायचं की चौकात उभं करायचं?

पंचगंगाकाठ
नगरकडच्या एका बंद साखर कारखान्याचं, शेतातला ऊस कारखान्यात ओढून आणणारं, अडीच फुटी रुळावरचं इंजिन भंगारात निघालंय. आपल्याकडचे काही उद्योजक ते कोल्हापुरात आणून चौकात ठेवू म्हणतात. शोभेला ठेवायचं तर आणूच नका! फेअरी क्वीन, रेल्वेचं वाफेचं इंजिन, १८५५ची. १९०९ला कामावरून उतरली, तरी १९९७ला पुन्हा धावली. आपल्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वसाहतीत, ओतकामापासून लेथपर्यंत सगळं आहे.

फौंड्रीतला
सगळं आहे, बॉयलर सोडून. सिलिंडर बोअर करू, बेअरिंगला व्हाइट मेटल ओतू, चाकं टर्न करू. पण फायरबॉक्सचे, म्हणजे बॉयलरमधल्या भट्टीचे, किती स्टे (पत्रे धरून ठेवणारे दांडे) तुटलेत, नळ्या कुठं पातळ झाल्यात, हे उघडल्याशिवाय कळत नाही. मग बॉयलरमध्ये पाणी भरून दाबाची चाचणी, चालू दाबाच्या दीडपट. पाणीच का? ते दबत नाही, म्हणून पत्रा फाटला तर गळती होते, स्फोट नाही. वाफेवर फाटला तर बघायला कोण उरतंय? आणि नवा बॉयलर बसवला, तर जुनं म्हणून राहिलं काय? चाकं आणि नावाची पाटी. माझं मत, उभंच करा. फक्त छपराखाली.

उसकरी
त्या इंजनाचा आन आपला संबंध काय वो? आमचा ऊस बैलगाडीनं गेला, मग ट्रॅक्टरनं. हरिगाव, वालचंदनगरला कारखान्याची सोताची सलग शेती हुती, म्हणून रूळ टाकता आलं. हितं अर्ध्या एकराचं धनी. बांधावरनं रूळ कोण जाऊ देतंय? बांध कोरला तरी कोर्टात जातोय आम्ही.

पंचगंगाकाठ
@उसकरी, मुद्दा बरोबर, पण म्हणूनच ते इंजिन बघायला हवं. १९६१चा जमीन कमाल धारणेचा कायदा आला, कारखान्यांची शेती १९६३च्या शेती महामंडळाकडे गेली. ती पद्धत कशी होती, हे आपल्या सहकारी पट्ट्यातल्या पोरांना कुठं दिसणार? आणि रेल्वेचं म्हणाल तर मिरजेपर्यंतचा फाटा १८९१ला आपल्या संस्थानानंच आणला.

फौंड्रीतला
बघायला वाफ कशाला लागते? एक बाजू कापून आतल्या नळ्या दाखवा, पोरांना जास्त कळेल. आणि कोणीही हात लावण्याआधी बॉयलरवरचं आवरण तपासून घ्या. जुन्या इंजिनांत बऱ्याचदा अ‍ॅस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुफ्फुसाला घातक.

उसकरी
कापू नगासा. चालवायचं तर कारखान्याच्या आवारात, गव्हाणीपाशी, जिथं ऊस टाकत्यात तिथं, गळीत हंगामात चालवा. आम्ही गाड्या घिऊन नंबर लावून बसल्यालो असतोय, तेवढंच बघायला हुतंय. चौकात ठेवलासा तर पावसाळ्यात गंजणार आन बाकीचं आठ म्हैनं लोक पान खाऊन थुकणार.