शॉवरचा पडदा: टेन्शन रॉड की ड्रिल? साइझ कुठला?

ओलं पायपुसणं
बाथरूम ४ फूट रुंद, साडेसात फूट लांब. शॉवर आतल्या टोकाला, मग कमोड, दाराशी बेसिन. एकाची आंघोळ झाली की दारापर्यंत सगळं ओलं. घर भाड्याचं, त्यामुळे काचेचं पार्टिशन नको. भिंतींना सात फुटांपर्यंत टाइल्स आहेत. शॉवर आणि कमोडच्या मध्ये पडदा लावायचाय. टेन्शन रॉड, म्हणजे ड्रिल न करता दोन भिंतींमध्ये दाबून बसवायचा दांडा, टिकेल का? आणि १८० बाय १८० घ्यावा की १८० बाय २०० सेंटिमीटर?

तिरकी पाणसळ
आधी फरशी बघा. पडदा जिथे येणार त्या रेषेवर तांब्याभर पाणी ओता. ते नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे फरशीतल्या पाणी जायच्या जाळीकडे गेलं तर काम सोपं आहे. दाराकडे आलं तर पडदा कितीही महागाचा आणा, तो शिंतोडे अडवतो, खालून वाहणारं पाणी नाही.

साइझ १८० बाय २००. चौरस पडदा बाथटबच्या हिशेबाने केलेला असतो, आपल्याकडे तो गुडघ्याखाली आखूड पडतो. उंचीचं गणित असं: पडदा २००, रिंग लोंबते ती ४, जमिनीपासून फट ४. म्हणजे रॉड २०८ सेंटिमीटरवर, ६ फूट १० इंच. तुमच्या टाइलची वरची कड तिथून जेमतेम दोन इंचांवर येते. रॉडचं टोक अर्धं टाइलवर, अर्धं रंगावर बसू देऊ नका; एका बाजूने दाब कमी पडतो आणि रॉड सुटतो. गरज पडली तर इंचभर खाली घ्या, फट कमी होईल एवढंच.

उंची एकाच भिंतीवर मोजा आणि पाणसळ धरून समोरच्या भिंतीवर न्या. दोन्हीकडे जमिनीपासून मोजलंत तर फरशीचा उतार रॉडमध्ये उतरतो आणि पडदा एका बाजूला सरकत राहतो.

रुंदीला दीडपट लागते. ४ फूट म्हणजे १२२ सेंटिमीटर, दीडपट १८३. तुमचं बरोबर जमतंय. ताणून लावलेला पडदा भिंतीशी फट सोडतो आणि नेमकं तिथूनच पाणी बाहेर येतं.

पाना-पक्कड
४ फुटांना टेन्शन रॉड पुरतो. सहा फुटांच्या पुढे मध्ये झोळ येतो, तिथे स्क्रूचाच हवा. पाइप २५ मिलिमीटरचा, ३०४ ग्रेडचा स्टेनलेस घ्या. २०२ स्वस्त पडतो, पण बाथरूमच्या दमटपणात त्यावर लवकर गंजाचे ठिपके येतात.

रॉड पडतो तो बहुतेक वेळा साबणाच्या थरामुळे. टाइल आणि टोकाचं रबर दोन्ही स्पिरिटने पुसून कोरडं करा. आत स्प्रिंग असलेला रॉड असेल तर फिरवून मोकळ्या जागेपेक्षा इंचभर लांब करा, मग दाबून आडवा बसवा. त्याआधी टाइलवर बोटाच्या पेराने ठोकून बघा. भद्द आवाज आला तर मागे पोकळी आहे, तिथे दाब दिला की टाइल तडकते.

घरमालक हो म्हणाले आणि ड्रिल मारलंच तर सांध्यात मारू नका. आपल्याकडे सांधा एक-दोन मिलिमीटरचा, बिट ६ चा. दोन्ही टाइलच्या कडा उडतात. कडेपासून इंचभर आत, मास्किंग टेप लावून, टाइल पार होईपर्यंत हॅमर बंद. आणि गरम-थंड पाण्याच्या मिक्सर नळाच्या सरळ वर कधीच नाही, शॉवरचा पाइप तिथूनच गेलेला असतो.

कोरडा कोपरा
कापड पॉलिएस्टरचं घ्या, खालच्या शिवणीत वजन किंवा लोहचुंबक असलेलं. चुंबक आपल्या टाइलला चिकटत नाही, पण वजनाचं काम करतो. पीव्हीसीला वास येतो आणि घड्यांत बुरशी धरते.

पडदा अंगाला चिकटतो तो गरम पाण्याने, असं सगळे म्हणतात. थंड पाण्यातही तो आत येतोच. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या डेव्हिड श्मिट यांनी संगणकावर मांडून दाखवलं की फवाऱ्यामुळे आत हवेचा आडवा भोवरा तयार होतो आणि त्याच्या मध्यावर दाब कमी असतो. त्याबद्दल त्यांना २००१ चं इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं. उपाय मात्र साधा: आंघोळीआधी पडद्याच्या दोन्ही कडा ओल्या करून भिंतीला चिकटवा.

आंघोळीनंतर पडदा गोळा करून ठेवू नका, पूर्ण पसरा. पावसाळ्यात गोळा केलेल्या पडद्याच्या खालच्या वीतभर भागावर आधी गुलाबी बुळबुळीत थर येतो, मग काळे ठिपके. ब्लीच वापरलंत तर त्याच वेळी टॉयलेटचं ॲसिड वापरू नका, क्लोरीन वायू सुटतो.

ओलं पायपुसणं
तांब्या ओतून पाहिला. निम्मं पाणी ट्रॅपकडे, निम्मं तिथेच थबकलं.

तिरकी पाणसळ
मग सिलिकॉनची चिकटवायची पट्टी लावा, दीड इंच उंचीची. ती सोलून निघते, त्यामुळे भाड्याच्या घराला ठीक. फरशी पूर्ण वाळवून चिकटवा आणि २४ तास पाणी लावू नका. पडद्याची कड पट्टीच्या आतल्या बाजूला पडली पाहिजे, म्हणून पट्टी रॉडच्या सरळ रेषेत न लावता दोन इंच बाहेर घ्या. कमोडच्या बाजूला वेगळा ट्रॅप नसेल तर एका टोकाला बोटभर जागा सोडा, ट्रॅपकडे उतार मिळतो त्या टोकाला. नाहीतर बाथरूम धुतल्यावर ते पाणी बाहेरच्या बाजूला अडकेल.