मदत हवी आहे: अंडरटेकरच्या बाईकवाल्या एन्ट्रीचं खरं गाणं कुठे मिळेल?

घाईत_आहे (गुरुवार, रात्री ११:४०)
रविवारी दादाची चाळिशी. त्याच्यासाठी व्हिडिओ करतोय. डब्ल्यूडब्ल्यूईच्या कुस्तीतला अंडरटेकर बाईकवरून येतो तो तुकडा त्यात हवाच, कारण दादाने पहिली बाईक घेतली तेव्हा सोसायटीत तश्शीच एन्ट्री मारून गेटला धडक दिली होती. ॲपवर मॅच सापडली, पण गाणं भलतंच! मिक्सर दुरुस्तीच्या जाहिरातीमागे वाजावं तसलं काहीतरी. माझे कान शाबूत आहेत. ओरिजनल कुठे मिळेल? लवकर सांगा.

शेंगदाणा
कोणती मॅच? कोणतं साल? कोणतं ॲप? तुम्ही भारतात की बाहेर?

घाईत_आहे
अहो, अंडरटेकर. बाईक. एकच तर आहे.

शेंगदाणा
एकच?? २००० ते २००३ तो बाईकवरच हिंडत होता. गाणी बदलत गेली. आधी किड रॉकचं, मग लिंप बिझकिटचं 'रोलिन', मग कंपनीने घरीच बनवलेलं. यातलं कुठलं हवंय ते कळल्याशिवाय काय सांगणार, कप्पाळ?

बंडखोर
कसली गाणी घेऊन बसलात! ही सरळ सरळ सेन्सॉरशिप आहे. २०२१ मध्ये अमेरिकेत डब्ल्यूडब्ल्यूईचा जुना साठा पीकॉक या स्ट्रीमिंग ॲपवर गेला तेव्हा कात्री चाललीच ना? रेसलमेनिया ६ मध्ये रॉडी पायपर अर्धं अंग काळं रंगवून बॅड न्यूज ब्राऊनशी लढला होता, ते काढलं. सर्व्हायव्हर सिरीज २००५ मध्ये कंपनीचा तेव्हाचा मालक विन्स मॅकमॅहन जॉन सीनाला जो वर्णद्वेषी शब्द बोलला, तेही गायब. उद्या म्हणतील अंडरटेकर नावाचा माणूसच नव्हता.

मिरजकर
बंडखोर, प्रसंग कापणं वेगळं आणि गाणं बदलणं वेगळं. गाण्यात कुणाच्या भावना दुखावत नाहीत, फक्त खिसा दुखतो. २००० साली टीव्हीवर गाणं वाजवायचे पैसे दिले म्हणजे पुढे ॲपवर जन्मभर वाजवायचा हक्क मिळत नाही. जिम जॉन्स्टनने कंपनीसाठी बांधलेल्या थीम घरच्या, त्यांना कुणी हात लावत नाही. बाहेरून आणलेली गाणी उडतात. ईसीडब्ल्यू या दुसऱ्या कुस्ती कंपनीचे जुने शो बघा. सँडमन नावाचा पैलवान 'एंटर सँडमन'वर प्रेक्षकांतून बिअर ढोसत यायचा आणि अख्खा हॉल मेटॅलिकाचं गाणं म्हणायचा. आता तिथे दुसरीच धून. लोकांचे ओठ हलतायत एका गाण्यावर, ऐकू येतंय दुसरं. बघवत नाही.

बंडखोर
बघणाऱ्याला काय फरक? गेलं ते गेलंच. आणि डब्ल्यूडब्ल्यूएफच्या लोगोवर इतकी वर्षं धुकं होतं, ते कुठलं गाणं होतं म्हणे?

मिरजकर
तो पांडावाल्यांचा खटला हो. वर्ल्ड वाइल्डलाइफ फंड विलायतेत कोर्टात गेला, जिंकला, आणि २००२ च्या मे महिन्यात कंपनीच्या नावातल्या एफचा ई झाला. मग जुन्या फुटेजमधला तो ओरखड्यांचा लोगो पुसट करायचा आणि समालोचक डब्ल्यूडब्ल्यूएफ म्हणाला की आवाज खायचा, असं चाललं. २०१२ मध्ये तडजोड झाल्यावर थांबलं. यात सेन्सॉर कुठून आला?

पत्तेवाला
अवांतर: डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते कुणाकडे आहेत का अजून? उंची, वजन, छाती, बायसेप्स. शाळेत माझा संच बाईंनी जप्त केला तो केलाच. आणि अंडरटेकर सात वेळा मेला होता ना?

तालीम_ते_मॅट
मुळात हे सगळं खोटं असतं. कोल्हापुरात खासबाग मैदानात या, माती काय असते ते दाखवतो. दादाच्या व्हिडिओत खरी कुस्ती टाका.

घाईत_आहे
दादा कोल्हापूरला कधी गेला नाही हो. आणि दोन दिवस उरलेत!! ॲपचं नाव लिहीत नाही, मागे एका धाग्यावर नाव घेतलं तर संपादकांनी प्रतिसाद उडवला होता. मॅच म्हणाल तर रॉक आणि ट्रिपल एच, आणि पट्ट्यांचा शर्ट घातलेला शॉन मायकल्स मध्ये मध्ये करतोय. शेवटी हा बाईक घेऊन येतो.

शेंगदाणा
हे पहिल्याच पोस्टीत लिहिलं असतंत तर! जजमेंट डे, २१ मे २०००, लुइव्हिल. एका तासाची आयर्न मॅन मॅच (वेळ संपेपर्यंत ज्याचे विजय जास्त तो जिंकला), शॉन मायकल्स रेफ्री. अंडरटेकर येऊन ट्रिपल एचला बडवतो म्हणून रॉकच्या नावावर डिस्क्वालिफिकेशन लागतं आणि ट्रिपल एच ६-५ ने जिंकतो. तुमचं गाणं किड रॉकचं 'अमेरिकन बॅड ॲस'. त्याच वर्षीच्या 'द हिस्टरी ऑफ रॉक' अल्बमात आहे.

मिरजकर
+१. आणि त्यात मेटॅलिकाच्या 'सॅड बट ट्रू'चा तुकडा घेतलाय. म्हणजे परवानगी दोन दारांतून आणायची. ॲपवर ते परत येण्याची वाट बघू नका.

बंडखोर
प्र.का.टा.आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे)

घाईत_आहे
हेच!!! आत्ता ऐकलं, अंगावर काटा आला. पण व्हिडिओवर लावलं तर खालून ॲपवालं गाणं पण ऐकू येतंय. फक्त गाणं काढून लोकांचा ओरडा ठेवता येईल का? समालोचक जिम रॉसचा आरडाओरडा तरी राहू दे.

मिरजकर
गाणं, गर्दी, कॉमेंट्री एकाच ट्रॅकवर मिसळलेली असली की स्वच्छ वेगळं काढणं कठीण. कंपनीलाही बऱ्याच ठिकाणी म्हणूनच गाण्याबरोबर गर्दीचा आवाज बदलावा लागला. तुम्ही असं करा: बाईक दिसायच्या क्षणी मूळ आवाज पूर्ण बंद, तिथून किड रॉक. त्याखाली मॅचच्या आधीच्या भागातला, जिथे संगीत नाही तिथला गोंगाट कापून पसरवा. जिम रॉसवर पाणी सोडा. आणि पेनड्राइव्हवरून टीव्हीला लावा. यूट्यूबवर चढवलंत तर गाणं ओळखून ते आवाज बंद करू शकतात.

पत्तेवाला
सात वेळा की पाच? १९९४ च्या समरस्लॅममध्ये दोन अंडरटेकर होते, त्यातला खोटा धरायचा का?

घाईत_आहे
जमलं! गोंगाट जरा सारखासारखाच वाटतोय, पण गेटला धडकलेल्या फोटोपाशी बरोबर बसलाय. मिरजकर, शेंगदाणा, केक माझ्याकडून. आता वहिनींना हा फोटो कुठून मिळाला ते सांगू नका एवढंच.

शेंगदाणा
केक नको. पुढच्या वेळी साल लिहा.