मदत हवी आहे: देवाची प्रीती सगळ्यांवर आहे, की फक्त निवडलेल्यांवर?

जय ख्रिस्त, आणि बाकी सर्वांना नमस्कार.

प्रश्न सरळच विचारते. ख्रिस्ती धर्मशास्त्राप्रमाणे देव प्रत्येक माणसावर प्रीती करतो का? की त्याने ज्यांना तारणासाठी निवडलं आहे त्यांच्यावरच, आणि इतरांवर फक्त त्याचा क्रोध आहे?

आमची मंडळी नगर जिल्ह्यातली, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची. तिथल्या तरुण संघाचा शास्त्राभ्यास मी घेते. मुलं मोबाइलवर अमेरिकेतल्या कडक कॅल्विनवादी (सोळाव्या शतकातल्या कॅल्विनच्या परंपरेतले, तारणासाठी देव आधीच निवड करतो असं मानणारे) प्रचारकांचे संदेश ऐकतात. ऐकतात हे चांगलंच आहे. पण त्यातल्या एका संदेशात असं होतं म्हणे की "देव सगळ्यांवर प्रीती करतो" ही मवाळ मंडळ्यांची अलीकडची शिकवण आहे, शास्त्रात तिला आधार नाही. आमच्यातल्या एका मुलाचे वडील दारूने गेले. कित्येक वर्षं त्यांनी मंडळीत पाऊल ठेवलं नव्हतं. त्याने सगळ्यांसमोर विचारलं, "मावशी, म्हणजे माझ्या पप्पांवर देवाने कधी प्रीती केलीच नव्हती का?"

त्याला गोड बोलून गप्प बसवायचं नाही, खरं उत्तर द्यायचं आहे.

माझं वाचन असं झालं आहे. एकीकडे योहान ३:१६ आहेच. शिवाय १ तीमथ्य २:४, सर्व माणसांचं तारण व्हावं अशी देवाची इच्छा. यहेज्केल ३३:११, दुर्जनाच्या मरणाने त्याला संतोष होत नाही. स्तोत्र १४५:९, परमेश्वर सर्वांना चांगला आहे. दुसरीकडे रोमकरांस पत्राचा नववा अध्याय: याकोबावर प्रीती केली, एसावाचा द्वेष केला. योहान १७:९ मध्ये येशू म्हणतो की मी जगासाठी विनंती करत नाही. आणि स्तोत्र ५:५, ज्यात कुकर्म करणाऱ्यांचा देव द्वेष करतो असं स्पष्ट आहे. फक्त कुकर्माचा नव्हे, करणाऱ्यांचा.

मी अडते ती इथे. प्रीती सगळ्यांवर असेल आणि तरी सगळे तरत नसतील, तर ती प्रीती करते काय? आणि ती मोजक्यांवरच असेल, तर "जग" म्हणजे कोण?

विशेषतः दोन गोष्टी हव्या आहेत: कॅल्विनवादी परंपरा स्वतः नेमकं काय म्हणते, आणि एसावाचं ते वचन कसं वाचायचं. "देव प्रीती आहे, फार विचार करू नका" असं कृपया लिहू नका. विचार त्या मुलाने आधीच केला आहे.

प्रतिसाद १ (निवृत्त पाळक)

ताई, आधी एसावाचं घेतो, कारण तिथेच जास्त घोटाळा होतो.

रोमकरांस पत्र लिहिणारा पौल ते वचन मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातून घेतो. मलाखीच्या काळी याकोब आणि एसाव जाऊन शेकडो वर्षं झाली होती. तो बोलतो आहे त्यांच्यापासून झालेल्या इस्राएल आणि अदोम या राष्ट्रांबद्दल: अदोमाची नगरं उजाड झाली, इस्राएल उरलं. आता अनुवाद हे मोशेचं पाचवं पुस्तक उघडा. २:५ मध्ये देव इस्राएलाला बजावतो की सेईर डोंगर मी एसावाला वतन दिला आहे, तिथली पाऊलभर जमीनही तुम्हाला मिळणार नाही. २३:७ मध्ये आज्ञा आहे की अदोम्याचा तिरस्कार करू नको, तो तुझा भाऊ आहे. ज्याचा द्वेष केला म्हणतात त्यालाच देवाने जमीन दिली आणि त्याचा तिरस्कार करायला मनाई केली. करारासाठी निवड याकोबाची झाली, एसावाची झाली नाही, हे खरं. त्यावरून एसावाच्या वाट्याला देवाची माया आलीच नाही असं म्हणता येत नाही.

आणि नववा अध्याय एकटा वाचू नका. ९ ते ११ हा एकच युक्तिवाद आहे. सुरुवातीला पौल आपल्या लोकांसाठी इतका कळवळतो की त्यांच्याऐवजी मीच शापित झालो तर बरं, असं म्हणतो. दहाव्याच्या शेवटी देव न मानणाऱ्या लोकांपुढे दिवसभर हात पसरून उभा आहे. आणि शेवट होतो ११:३२ वर: देवाने सर्वांना आज्ञाभंगात कोंडलं, ते सर्वांवर दया करावी म्हणून. तिथे पोहोचायच्या आधी पुस्तक मिटणाऱ्याला पौल अर्धाच कळतो, असं माझं ठाम मत आहे.

"ती प्रीती करते काय" याला मार्क १०:२१ पाहा. श्रीमंत माणूस येतो, येशू त्याच्याकडे पाहून त्याच्यावर प्रीती करतो, आणि तो माणूस खिन्न होऊन निघून जातो. पुढे त्याचं काय झालं हे मार्क सांगत नाही. पण तो निघून गेला म्हणून प्रीती झालीच नव्हती, असं कोणी म्हणू शकत नाही.

प्रतिसाद २ (वसईकर)

मी कॅथलिक आहे, तरी लिहितो, कारण हा वाद आमच्याकडेही जोरात झाला होता. सतराव्या शतकात यान्सेन नावाच्या बिशपांच्या ग्रंथावरून. १६५३ मध्ये पोप दहावे इनोसंट यांनी पाच विधानं निषिद्ध ठरवली. त्यातलं पाचवं असं होतं की ख्रिस्त सर्व माणसांसाठी मेला असं म्हणणं ही चूक आहे. त्याच्याही आधी, ८५३ मध्ये फ्रान्समधल्या किएर्झीच्या धर्मसभेने म्हटलं होतं की ज्याच्यासाठी ख्रिस्ताने दुःख सोसलं नाही असा एकही माणूस झाला नाही, आज नाही आणि पुढेही होणार नाही. आजच्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात परिच्छेद ६०५ मध्ये हेच वाक्य घेतलं आहे. तेव्हा "अलीकडची मवाळ शिकवण" हे इतिहासाला धरून नाही.

त्या मुलाला माझ्याकडून एवढं सांगा की त्याच्या पप्पांसाठी मी मिस्साला प्रार्थना करीन. तुमच्यात मृतांसाठी प्रार्थना करत नाहीत हे माहीत आहे. आमच्यात करतात, म्हणून लिहिलं.

प्रतिसाद ३ (कॅल्विनवादी वाचक)

मी निवडीची शिकवण मनापासून मानतो. म्हणूनच हा संदेश वाचून वाईट वाटलं. आमची परंपरा नेमकं काय म्हणते ते लिहितो.

१६१८-१९ मध्ये हॉलंडमधल्या डॉर्डरेख्ट (थोडक्यात डॉर्ट) गावी धर्मसभा भरली. निवडीची कडक शिकवण न मानणाऱ्या आर्मिनियसच्या अनुयायांनी १६१० मध्ये मांडलेल्या पाच मुद्द्यांना तिने उत्तर दिलं. तिच्या ठरावांच्या दुसऱ्या प्रकरणात तीन गोष्टी शेजारीशेजारी आहेत. ख्रिस्ताचं मरण सगळ्या जगाच्या पापांच्या प्रायश्चित्ताला पुरून उरेल इतकं मोलाचं आहे. सुवार्ता कोणताही भेद न करता सर्वांना सांगायची आहे. आणि त्या मरणाने तारण प्रत्यक्ष घडतं ते निवडलेल्यांचं. मतभेद आहे तो या तिसऱ्या गोष्टीवर, आणि तो खरा मतभेद आहे. तो लपवू नये. पण पहिल्या दोन गोष्टी गाळून फक्त तिसरी सांगणं म्हणजे डॉर्ट नव्हे. खुद्द कॅल्विन योहान ३:१६ वर लिहिताना म्हणतो की इथला शब्द सर्वव्यापी आहे, तो सगळ्यांना बोलावण्यासाठी आहे.

देव पाऊस आणि ऊन सगळ्यांना देतो, शत्रूंनाही, आणि येशू मत्तय ५ मध्ये त्यावरूनच आपल्याला शत्रूवर प्रीती करायला सांगतो. याला आमच्याकडे सामान्य कृपा म्हणतात. ती तारणारी नसते. पण तिला खरोखर कृपा किंवा प्रीती म्हणावं का, यावर आमच्यात एकमत नाही. १९२४ मध्ये अमेरिकेतल्या ख्रिश्चन रिफॉर्म्ड चर्चमध्ये याच मुद्द्यावर फूट पडली. देवाची कृपा फक्त निवडलेल्यांवर असते असं म्हणणारे त्यातून वेगळे झाले. तुमची मुलं जे ऐकतात ते त्या टोकाच्या जवळचं वाटतं. उलट स्कॉटलंडच्या फ्री चर्चने १८९२ च्या घोषणेत पापी मानवांवरची देवाची प्रीती सर्वांत पुढे ठेवली होती.

आता सर्वांत महत्त्वाचं. कोण निवडलेला आहे याची यादी देवाने कोणाला दिलेली नाही. त्यामुळे "देवाने तुझ्या वडिलांवर प्रीती केली नाही" असं म्हणायचा अधिकार आमच्या कोणत्याही पाळकाला नाही. ते तरले हेही मी ठामपणे म्हणू शकत नाही. मरणाच्या घटकेला माणूस आणि देव यांच्यात काय होतं ते आपल्याला दिसत नाही.

धागाकर्ती

तिघांचे मनापासून आभार. अनुवादातली वचनं मी कधी एसावाच्या शेजारी ठेवून वाचली नव्हती, ती येत्या अभ्यासात घेणार. डॉर्टचं दुसरं प्रकरणही मुलांना पूर्ण वाचून दाखवीन. आमची चर्च ऑफ नॉर्थ इंडिया १९७० मध्ये नागपूरला झाली ती प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, अँग्लिकन, बाप्टिस्ट, मेथडिस्ट अशा कितीतरी परंपरा एकत्र येऊन. म्हणजे डॉर्ट मानणाऱ्यांचे आणि मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या वेस्लीचे वारस एकाच बाकावर बसतात, आणि आमच्या मुलांना यातलं काहीच कोणी शिकवलेलं नाही. याची मला खंत वाटते.

वेस्लीचं नाव निघालं म्हणून. १७३९ मध्ये त्याने कृपा सर्वांसाठी आहे यावर प्रवचन दिलं आणि छापलं. त्याचा मित्र, कॅल्विनवादी प्रचारक व्हाइटफील्डने १७४० मध्ये अमेरिकेतून लांबलचक पत्र लिहून ते खोडलं. मत दोघांनीही बदललं नाही. तरी १७७० मध्ये व्हाइटफील्ड गेल्यावर लंडनमध्ये स्मृतिप्रवचन वेस्लीनेच दिलं. हेही मुलांना सांगणार आहे.

एक अडचण उरली. स्तोत्र ५:५ चं काय? तिथे राष्ट्र नाही, माणूसच आहे.

प्रतिसाद ४ (कॅल्विनवादी वाचक)

ते वचन सौम्य करू नका. देवाचा क्रोध खरा आहे, माणसावर आहे, आणि दारूने घर उद्ध्वस्त झालेल्या मुलाला तो बहुधा आपल्यापेक्षा जास्त कळतो. पण क्रोध आहे म्हणजे प्रीती नाही, हे शास्त्र कुठेच म्हणत नाही. इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तिसऱ्या वचनात आपण सगळेच "क्रोधाची प्रजा" आहोत, आणि चौथ्या वचनात देवाने आपल्यावर अपार प्रीती केली आहे. त्याच माणसांवर. प्राचीन मंडळीतला धर्मगुरू ऑगस्टिन याने म्हटलं होतं की देव आपला द्वेष करत होता तेव्हाही आपल्यावर प्रीती करत होता, आणि कॅल्विनने आपल्या मुख्य ग्रंथात ते मान्य करून उतरवून घेतलं आहे. रोमकरांस ५:८ आणि ५:१० मध्येही तेच आहे: आपण पापी होतो, शत्रू होतो, तेव्हाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला. स्तोत्र ५ घ्याल तेव्हा हे दोन्ही उतारे त्याच बैठकीत घ्या, पुढच्या आठवड्यावर ढकलू नका. आणि त्या मुलाशी सगळ्यांसमोर नको, आधी एकट्याशी बोला.