सिकलसेलच्या मुलाच्या हाडातील सॅल्मोनेला: ए०१.० की ए०२.२?

प्रश्न (अभिलेख लिपिक, गडचिरोली जिल्हा)
नमस्कार. मी ग्रामीण रुग्णालयात केसपेपरच्या नोंदी संगणकावर घेते. सिकलसेल (लाल रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होण्याचा आनुवंशिक आजार) असलेला अकरा वर्षांचा मुलगा डाव्या नडगीची सूज आणि ताप घेऊन दाखल झाला होता. डिस्चार्ज कार्डावर ‘सिकलसेल आजार, सॅल्मोनेला ऑस्टिओमायलायटिस’ (म्हणजे सॅल्मोनेला जंतूमुळे हाडाला झालेला संसर्ग) असे निदान आहे. विडाल (टायफॉइडसाठीची रक्तचाचणी) पॉझिटिव्ह आहे, आणि पुवाच्या कल्चरचा अहवाल दुमडून ज्या ठिकाणी स्टेपल केला आहे, तिथे जंतूचे नाव ‘सॅल्मोनेला टायफि’ एवढेच वाचता येते. त्यावरून मी आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणातला टायफॉइडचा ए०१.० हा कोड दिला. पण टायफॉइड हा शब्द डॉक्टरांनी कुठेही लिहिलेला नाही, म्हणून मन मानत नाही.

उत्तर (कोडिंग प्रशिक्षक, नागपूर)
ताई, आधी ती पिन काढून पूर्ण नाव वाचा, कारण सगळा निकाल त्यावरच आहे. नाव ‘टायफी’ असेल तर संसर्ग हाडात असला तरी कोड ए०१.० खालीच जाईल. ‘टायफिम्युरियम’ असेल तर तो टायफॉइडचा जंतू नव्हे. उंदरांमध्ये टायफॉइडसारखा आजार करतो म्हणून त्याला ते नाव पडले. विडालवर कोड देऊ नका. ती चाचणी रक्तातील प्रतिपिंडे दाखवते, आणि या दोन जंतूंच्या प्रतिजनांचा काही भाग सारखा असल्याने ती अशा रुग्णातही पॉझिटिव्ह येऊ शकते.

प्रश्नकर्ती
पिन काढली. ‘टायफिम्युरियम’ असेच आहे. मग ए०२.० द्यावा का?

उत्तर (कोडिंग प्रशिक्षक, नागपूर)
नाही, तो जुलाबाचा, म्हणजे आतड्याच्या संसर्गाचा कोड आहे. रक्तात पसरलेल्या संसर्गाला ए०२.१ आणि एका जागी बसलेल्या संसर्गाला ए०२.२. इथे ए०२.२ मुख्य, आणि हाडासाठी त्याच्या जोडीला एम९०.२. हा दुसरा कोड तारांकित (मूळ आजाराच्या कोडला जोडून देण्याचा) असल्याने तो कधीही एकटा लिहायचा नाही. सिकलसेलचा डी५७ वेगळा नोंदवा. मात्र क्रायसिस (सिकलसेल अचानक बळावण्याचा झटका) असल्यास डी५७.० आणि नसल्यास डी५७.१, हे डॉक्टरांनाच विचारा. दुखणे होते म्हणून क्रायसिस असेलच, असे आपण ठरवू नये.

उत्तर (वैद्यकीय अधिकारी, गोंदिया जिल्हा)
डी५७ गाळू नका, एवढे मी आग्रहाने सांगतो. सिकलसेलमध्ये प्लीहा लहानपणीच निकामी होत जाते आणि रक्तपुरवठा तुटलेल्या हाडात सॅल्मोनेला घर करतो. आपल्या पूर्व विदर्भात अशी मुले गावोगाव आहेत. नोंद ए०१.० अशी गेली, तर गावात टायफॉइडचा रुग्ण मोजला जातो, आरोग्यसेवक विहिरीत ब्लिचिंग पावडर टाकून येतात, आणि सिकलसेलच्या मुलाचे हाड सडत होते ही गोष्ट कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

प्रश्नकर्ती
सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टर सोमवारी ओपीडीला आले की क्रायसिसचे विचारून नोंद दुरुस्त करते. सिकलसेलच्या आणखी दोन मुलांना मी गेल्या वर्षी केवळ विडालवरून ए०१.० दिल्याचे आठवते. तेही केसपेपर कपाटातून काढून ठेवले आहेत.