ड्राइव्ह शाफ्ट घरी बदलावा की गॅरेजला द्यावा?

पान्हेबहाद्दर: गेल्या रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझ्या १३ वर्षं जुन्या स्विफ्टचा डावा ड्राइव्ह शाफ्ट (गिअरबॉक्समधून चाक फिरवणारा दांडा) स्वतः बदलला. स्टेअरिंग पूर्ण वळवून गाडी हलवली की चाकातून कट् कट् कट् असा आवाज यायचा. बाहेरच्या सीव्ही जॉइंटचं (चाक वळलं तरी ते फिरवत ठेवणारा शाफ्टच्या टोकाचा छर्ऱ्यांचा सांधा) रबरी बूट, म्हणजे आवरण, फाटलं होतं, ग्रीस उडून रिमच्या आतल्या बाजूला थापलं गेलं होतं. सकाळी नऊला बसलो, जेवायला वर गेलो तेव्हा दोन वाजले होते. माझं मत: ज्याला ब्रेक पॅड बदलता येतात त्याला हेही जमतं. मिस्त्री लोकांनी उगाच बाऊ केलाय. चाकाच्या मधोमध असलेला शाफ्टचा नट सोडा, लोअर आर्मचा बॉल जॉइंट नकलमधून (चाकाला धरून ठेवणारा लोखंडी भाग) काढा, जुना शाफ्ट ओढा, नवा घाला. झालं.

ग्रीसमाखी: "झालं" म्हणे! सांगलीला बाबांचं गॅरेज आहे, लहानपणापासून बघतेय. रविवारी "झालं" म्हणणारे सोमवारी टोचन लावून येतात. शाफ्टला धरून ओढलं की आतला जॉइंट निखळतो आणि त्याचं टोक गिअरबॉक्समध्येच राहतं. ते टोक गिअरबॉक्सच्या कडेला पहार लावून उचकटायचं असतं. नवा घालताना त्याच्या दात्यांनी ऑइल सीलची (गिअरबॉक्समधलं तेल अडवणारी रबरी कडी) कड कापली तर आठवडाभरात फरशीवर तेलाचं थारोळं. गिअर ऑइल आधी काढलं होतंत का?

पान्हेबहाद्दर: नाही. सांडलं थोडं, पुठ्ठा होता खाली. नंतर लेव्हलपर्यंत भरलं.

चौकस चिपळूणकर: मुळात शाफ्ट बदलायची वेळच का आली? आवाज सुरू व्हायच्या आधी फाटलेलं बूट दिसलं असतं तर बूट आणि ग्रीसच्या किटवर भागलं असतं. आमच्या कोकणात पावसाळ्यात एकदा चिखलपाणी आत शिरलं की छर्रे नि त्यांच्या खाचा खाऊन जातात, मग काही खरं नाही. घरी करण्यासारखं काम एकच: महिन्या-दोन महिन्यांनी चाक वळवून टॉर्च मारून बघणं. त्याला पाच तास लागत नाहीत.

टोरांटोचा तात्या: पान्हेबहाद्दर, +१. इथे शाफ्टपेक्षा मजुरी जड, म्हणून मी दोनदा घरीच बदललेत. पण हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे शाफ्टचे दाते हबमध्ये (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) गंजून असे बसतात की विचारू नका. पहिल्या वेळी दोन दिवस गेले. नट टोकाशी उलटा लावून त्यावर हातोडा मारायचा, म्हणजे आटे वाचतात. रच्याकने, नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घातला नसेलच तुम्ही. स्टँड होते ना?

पान्हेबहाद्दर: होते हो, दोन.

ग्रीसमाखी: तात्या, तुमच्या मजुरीचं गणित तिकडे. इथे काम बिघडलं तर मिस्त्रीच्या दारात उभं राहता येतं, स्वतःच्या दारात उभं राहून कोणाला बोलणार? बरं, नट किती टॉर्कला (पिळाच्या जोराला) आवळला?

पान्हेबहाद्दर: टॉर्क रेंच नाही माझ्याकडे. पाइप लावला आणि होता तेवढा जोर.

ग्रीसमाखी: पाइप मीटरभर असेल तर टोकाला १८ किलोचा भार पडला की जवळजवळ १७५ न्यूटन मीटर होतात. तुम्ही त्यावर उभे राहिलात तर? छोट्या गाड्यांना बहुधा १५० ते २०० च्या आसपास लागतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघायचा. ढिला राहिला तर हबचं बेअरिंग जातं. नट नवा घातलात ना? आणि कडा ठोकलीत?

पान्हेबहाद्दर: कडा म्हणजे?

ग्रीसमाखी: नटाला पुढे पातळ कडा असते. आवळून झालं की ती पंचने शाफ्टच्या खाचेत ठोकायची, म्हणजे नट फिरत नाही. सोडताना छिन्नीने उचकटली असणार तुम्ही.

पान्हेबहाद्दर: उचकटली होती खरी. थांबा, खाली जाऊन बघतो.

चौकस चिपळूणकर: 🍿

पान्हेबहाद्दर: आलो. नट जुनाच आहे आणि कडा ठोकलेली नाही. परवा याच चाकावर बायकामुलांना घेऊन खंबाटकी उतरलोय. नवा नट आणायला निघालोय, चालत. मत मात्र तेच आहे.